दुडदुडणाऱ्या मुलाची दिल्ली

लहान मुलाच्या वाढीची प्रत्येक पायरी मराठी भाषेने निरनिराळ्या शब्दांनी टिपून ठेवली आहे. मूल आधी तान्हे असते, मग उपडे पडते, मग रांगते, मग कशाला तरी धरून उभे राहते आणि एके दिवशी हात सोडून चालू लागते. त्यानंतरच्या वर्ष-दोन वर्षांसाठी ‘दुडदुडणे’ हे मोठे नेमके क्रियापद आपल्याकडे आहे. त्यात चालणेही आहे आणि धावणेही आहे. शिवाय ह्या दोहोंपैकी कशावरही मुलाचा पुरता ताबा नाही, हेही त्यात आहे. ह्या वयाच्या मुलाला घेऊन शनिवार-रविवारी शहर पाहावयास निघणे हा प्रकार दिसतो तितका साधा नाही. दिल्लीसारख्या शहरात तर नाहीच नाही.

शनिवार-रविवार ही जोडसुट्टी सरकारी नोकराच्या घरात तशी फार जुनी नव्हे. केंद्र सरकारच्या कार्यालयांत पाच दिवसांचा आठवडा सुरू झाला तो जून १९८५ मध्ये. त्याआधी रविवार तेवढा हक्काचा आणि तो न्हाण्याधुण्यात, बाजारहाटात व पाहुण्यांच्या सरबराईत संपून जाई. दोन दिवस हाती आल्यावर त्यांतील एक दिवस घराचा आणि एक बाहेरचा, अशी वाटणी होऊ लागली. आईवडील दोघेही नोकरी करीत असतील आणि मूल दिवसभर पाळणाघरात राहत असेल, तर ह्या बाहेरच्या दिवसाला आणखी एक अर्थ येतो. आठवड्यात मुलाला बाप जागेपणी सलग चार तास दिसतो तो ह्याच दिवशी. म्हणून हा दिवस बिघडला की नुसती सहल बिघडत नाही.

दक्षिण दिल्लीतील सरोजिनी नगर हे अशा कुटुंबांचे जुने ठिकाण. फाळणीनंतर दिल्लीत निर्वासितांची रीघ लागली, सरकारी खाती वाढली आणि नोकरांना राहावयास जागा पुरेना. त्या वर्षांत केंद्रातील बांधकाम खाते न. वि. तथा काकासाहेब गाडगीळ ह्यांच्याकडे होते. नव्या राजधानीच्या दक्षिणेस वसाहतीमागून वसाहती उठल्या. त्यांतील पूर्वी विनय नगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागाला पुढे सरोजिनी नायडूंचे नाव मिळाले. ह्या वसाहतींची रचना साधी होती: बैठी अथवा एकमजली घरे, मध्ये हिरवळीचा चौक, कडेने कडुनिंब आणि जांभूळ. कारकुनाच्या घरात खोल्या दोनच असल्या, तरी दारापुढचा चौक सर्वांचा असे. पुण्या-नागपुराहून बदलीवर आलेल्या मराठी गृहिणीला तेथे वाड्याच्या अंगणाची आठवण झाली असेल, तर नवल नाही. मूल उंबरठा ओलांडून चौकात जाई आणि चारही बाजूंच्या खिडक्यांतून त्याच्यावर कोणा ना कोणाची नजर राही.

तो चौक आता बव्हंशी राहिलेला नाही. २०१६ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने दिल्लीतील सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासाला मंजुरी दिली; त्यांत सरोजिनी नगर होते. सातही वसाहती मिळून सुमारे १३ हजार घरांच्या जागी २५ हजारांहून अधिक घरे उभारावयाची, अशी ही योजना. २०१८ साली झाडे तोडण्यावरून नागरिक रस्त्यावर आले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने वृक्षतोड थांबविली. तरी काम पुढे कमीअधिक वेगाने चालू राहिले. जानेवारी २०२५ मध्ये सरोजिनी नगरातील २८ उंच इमारतींतील अडीच हजारांवर घरांचे उद्घाटन झाले. नव्या घरांत सोयी अधिक आहेत, हे मान्य केले पाहिजे. गळक्या छपरांची आणि पडक्या न्हाणीघरांची खंत करण्याचे कारण नाही. परंतु वरच्या मजल्यावरून मूल एकटे खाली उतरू शकत नाही. पूर्वी रोज सकाळ-संध्याकाळ दाराशी मिळणारी मोकळी जमीन आता ठरवून, सवड काढून गाठावी लागते. शनिवार-रविवारची सहल ही पूर्वी चैन होती. आज ती काही अंशी त्या चौकाची भरपाई आहे.

आता प्रश्न असा की, दोन वर्षांच्या मुलाला शहर दिसते तरी कसे? जागतिक आरोग्य संघटनेच्या मापनानुसार दुसऱ्या वाढदिवशी निरोगी मुलाची उंची सरासरीने ८६-८७ सेंटिमीटर भरते. म्हणजे त्याचे डोळे मोठ्या माणसाच्या मांडीच्या आसपास असतात. तेथून पाहिले म्हणजे गर्दी ही पायांची, पिशव्यांची आणि कुत्र्यांची असते. इंडिया गेटची ४२ मीटर उंची त्याला उमगत नाही. त्याच्या पायथ्याशी फुगे विकणारा मात्र दुरून दिसतो. ह्याला मुलाचे अज्ञान म्हणणे हा आपलाच अडाणीपणा होय. ज्या प्राण्याला पायाखालची जमीन अजून भरवशाची वाटत नाही, तो आधी जमिनीकडेच पाहणार.

ह्या जमिनीशी त्याचा जो झगडा चाललेला असतो, त्याचे मोजमाप न्यूयॉर्क विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ कॅरन अॅडॉल्फ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केले. मोकळेपणी खेळणारी, नुकतीच चालू लागलेली मुले तासाला सरासरीने २,३६८ पावले टाकतात, सुमारे ७०० मीटर चालतात आणि १७ वेळा पडतात, असे त्यांना आढळले. आकडे पाहून आईबापांनी घाबरू नये. ह्या पडण्यातूनच चालणे पक्के होते. मात्र त्यांवरून एक गोष्ट ध्यानात येते. हे चालणे कोठे पोहोचण्यासाठी नसते. मूल चार पावले पुढे जाते, वाळलेले पान उचलते, परत फिरते, बसते, पुन्हा उठते. त्याचा हात धरून ‘चल, चल, पुढे वाघ आहे’ म्हणत ओढणारा बाप आणि ते मूल हे दोघे त्या क्षणी दोन वेगळ्या सहलींवर असतात.

बहुतेक घरांतून चूक होते ती येथेच. दिल्लीत नव्याने बदलून आलेल्या कुटुंबाला सारे एका दिवसात उरकण्याची घाई असते. सकाळी कुतुबमिनार, दुपारी लाल किल्ला, संध्याकाळी इंडिया गेट आणि परतताना बाजार, असा बेत ठरतो. दुपारी दोनच्या सुमारास मूल रडू लागते, आई कावते, बाप भाड्याच्या गाडीचे पैसे मोजतो आणि घरी येऊन सगळेच अबोल होतात. वास्तविक एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी ११ ते १४ तास झोप लागते आणि तीत दुपारची झोप धरलेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालील मुलांसाठी ज्या सूचना काढल्या, त्यांत मुलाला बाबागाडीत किंवा पाठीशी बांधून सलग तासाहून अधिक वेळ जखडून ठेवू नये, असेही सांगितले आहे. ही दोन बंधने पाळावयाची, तर सकाळचे तीन तास हातात उरतात. तीन तासांत एकच ठिकाण पाहून होते. ते कोणते, एवढेच ठरवावयाचे.

सरोजिनी नगराहून निघणाऱ्यांना चाणक्यपुरीतील राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय सर्वांत सोयीचे. १९७७ साली उघडलेले हे संग्रहालय बरेचसे उघड्यावर आहे आणि वसाहतीहून फार लांबही नाही. सरोजिनी नगरच्या कडेने दिल्लीच्या वर्तुळाकार रेल्वेचा मार्ग जातो. त्यामुळे तेथील मुलांना आगगाडी ही ओळखीची वस्तू असते. संग्रहालयात ती थांबलेली सापडते, हा त्यांना मोठाच लाभ. धावती गाडी पाहता पाहता निघून जाते. उभ्या गाडीची चाके मात्र पाहिजे तितका वेळ पाहता येतात आणि दोन वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांसमोर बरोबर चाकेच येतात. मोठ्यांना पाहावे लागते ते इंजिन माना वर करून. मुलाला तसे करावे लागत नाही. संपूर्ण दिल्लीत मुलाच्या उंचीला इतके अनुकूल असे दुसरे प्रदर्शन सांगणे कठीण आहे.

मोठ्यांनाही येथे रिकाम्या हाताने परतावे लागत नाही. पतियाळा संस्थानात १९०७ साली एका रुळावर चालणारी गाडी सुरू झाली होती. तिचे इंजिन येथे आहे. गाडीचा बहुतेक भार त्या एका रुळावर आणि तोल सावरण्यासाठी बाजूला रस्त्यावरून फिरणारे एक मोठे चाक, अशी तिची युक्ती. मराठी माणसाने शोधावे ते मात्र ‘सर लेस्ली विल्सन’ हे विजेचे इंजिन. मुंबईच्या एका गव्हर्नराचे नाव धारण करणारे हे १९२८ सालचे इंजिन ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने बोरघाटासाठी आणविले होते. कल्याण-पुणे मार्गावर वीज आली आणि ह्या जातीच्या इंजिनांनी पुढे कित्येक दशके घाट चढविला. वळणावर अंग मोडता यावे म्हणून त्याचा सांगाडा सांध्यांनी जोडलेला आहे आणि दोन्ही टोकांना लांब नाके आहेत. युरोपातील लोक असल्या इंजिनाला मगर म्हणत. आपल्याकडील रेल्वे कामगारांनी त्याला ‘खेकडा’ म्हटले. आजोबांच्या तोंडून घाटातल्या खेकड्याची गोष्ट ऐकलेले बाबा आपल्या मुलाला दिल्लीत तो खेकडा दाखवू शकतात. आवारातून फिरणारी छोटी गाडी असते. तीत बसून झाल्यावर दुसऱ्या फेरीचा हट्ट होणार, हे गृहीत धरून पैसे व वेळ राखून ठेवावा. संग्रहालय सोमवारी बंद असते.

प्राणिसंग्रहालयाविषयी थोडे सावधपणे बोलावे लागते. पुराण्या किल्ल्याच्या तटाला लागून असलेल्या ह्या संग्रहालयाचे उद्घाटन १ नोव्हेंबर १९५९ रोजी अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख ह्यांच्या हस्ते झाले. ते तेव्हा केंद्रात कृषिमंत्री होते. पिंजरे टाळून खंदकापलीकडे मोकळे प्राणी दाखविण्याची कल्पना तेथे राबविण्यात आली. ती प्राण्यांच्या दृष्टीने उत्तमच. पण आवार १७६ एकरांचे आहे आणि खंदकापलीकडे सावलीत झोपलेला वाघ दोन वर्षांच्या मुलाला बहुधा दिसतच नाही. जे जवळ आहे आणि हलते आहे, ते त्याला दिसते. पावसाळा सरता सरता तेथील तळ्यांतल्या झाडांवर चित्रबलाक पक्षी आपण होऊन येतात, घरटी बांधतात आणि पिलांना चारा भरवतात. हे पक्षी संग्रहालयाने आणलेले नव्हेत. १९६० च्या सुमारापासून ते स्वतःच येत आले आहेत. मोठाल्या पंखांची ती फडफड आणि पिलांचा कलकलाट हा मुलासाठी वाघाहून सरस कार्यक्रम होय. शुक्रवारी हे संग्रहालय बंद असते. तीन वर्षांखालील मुलाला घेऊन ते सगळे पाहण्याचा हट्ट मात्र धरू नये.

लोदी उद्यानाचे तसे नाही. येथे तिकीट नाही, त्यामुळे पैसे वसूल करण्याची ओढही नाही. सरोजिनी नगर स्थानकावरून मेट्रोने एक स्थानक गेले म्हणजे आय. एन. ए.; तेथे मार्गिका बदलून आणखी एक स्थानक म्हणजे जोरबाग. मेट्रोत तीन फुटांपर्यंतच्या उंचीच्या मुलाला मोठ्यांबरोबर तिकीट लागत नाही, म्हणजे दोन वर्षांची बहुतेक मुले त्या मापात बसतात. सय्यद आणि लोदी सुलतानांच्या घुमटांभोवती १९३६ साली इंग्रज अमदानीत आखलेली ही बाग तेव्हा लेडी विलिंग्डन पार्क म्हणून ओळखली जाई. स्वातंत्र्यानंतर तिचे नाव बदलले आणि १९६८ साली जोसेफ स्टाइन व गॅरेट एक्बो ह्यांनी तिला आजचे रूप दिले. मुलाला ह्यातले काही नको असते. त्याला हिरवळीचा उतार, खारी, तळ्यातली बदके आणि सर्वांत मुख्य म्हणजे पायऱ्या पाहिजे असतात. सिकंदर लोदीच्या कबरीपाशी जाऊन पायरी चढणे, उतरणे आणि पुन्हा चढणे ह्यात त्याची अर्धी सकाळ सुखाने जाते. बापाने खालच्या पायरीवर बसावे. वर्तमानपत्र घरी ठेवून यावे, एवढी एक विनंती.

खाण्यापिण्याची व्यवस्था मराठी आईला शिकवावयास नको. मऊ तूपभात, मेतकूट, केळे, उकळून गार केलेले पाणी एवढ्यावर सकाळ निभावते. मात्र एका गोष्टीचा उल्लेख केलाच पाहिजे. दिल्लीतल्या बागांतून भाजलेले शेंगदाणे, चणे आणि मक्याच्या लाह्या जागोजाग मिळतात आणि मोठ्यांच्या हातून दोन दाणे मुलाच्या हातात सहज जातात. ह्या वयात दाढा पुरत्या आलेल्या नसतात, चघळणे जमत नाही आणि धावता धावता दाणा श्वासनलिकेत अडकू शकतो. चार-पाच वर्षांपर्यंत अख्खे दाणे, चणे आणि अख्खी द्राक्षे मुलाला देऊ नयेत. आग्रह करणाऱ्या शेजाऱ्यालाही हसतमुखाने नाही म्हणावे.

हवा हा दिल्लीत स्वतंत्र विषय आहे. मे-जूनमध्ये पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो, तेव्हा सकाळी नवाच्या आत परत फिरावे. नोव्हेंबर ते जानेवारी ह्या महिन्यांत धूर आणि धुके एकत्र येऊन शहरावर बसतात. मोठा माणूस मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो. दोन वर्षांचे मूल त्याहून पुष्कळ अधिक वेळा घेते आणि तोही वाहनांच्या नळकांड्यांच्या उंचीवर. हवेचा निर्देशांक तीनशेच्या वर, म्हणजे ‘अतिशय वाईट’ ह्या वर्गात असेल, तर ठरलेली सहल रद्द करण्यात कमीपणा नाही. घरात चादरींचा तंबू करून त्यात बसणे हीसुद्धा त्या वयाची सहलच आहे. फेब्रुवारी-मार्च आणि पावसानंतरचे काही आठवडे हा दिल्लीचा चांगला काळ. तो हातून घालवू नये.

राहिला बाजार. सरोजिनी नगरचा बाजार स्वस्त कपड्यांसाठी साऱ्या उत्तर हिंदुस्थानात प्रसिद्ध आहे आणि ‘परतताना पाच मिनिटे डोकावू’ ह्या वाक्याने अनेक सहलींचा शेवट वाईट झाला आहे. ह्या बाजाराने मोठे दुःखही पाहिले आहे. २९ ऑक्टोबर २००५ रोजी, दिवाळी तोंडावर असताना, दिल्लीत जे बॉम्बस्फोट झाले त्यांतला एक येथे झाला. त्या दिवशी शहरात साठांहून अधिक माणसे मेली. बाजार पुन्हा उभा राहिला आणि पूर्वीहून अधिक गजबजला. डिसेंबर २०२१ मध्ये तेथील बेसुमार गर्दीबद्दल उच्च न्यायालयालाही चिंता व्यक्त करावी लागली. मांडीएवढ्या उंचीच्या मुलासाठी ही गर्दी म्हणजे पायांचे रान होय. हात सुटला की दोन पावलांवरची आई दिसेनाशी होते. न्यायचेच झाले तर मूल कडेवर असावे, त्याच्या खिशात आईबापांचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी आणि मूल चुकल्यास ११२ किंवा मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांक लावण्यास क्षणाचाही विलंब करू नये. परंतु खरी तोड निराळी आहे. मुलाला घरी निजवून आईबापांपैकी एकाने बाजार करून यावा.

सर्वांत अवघड प्रसंग येतो तो गावाकडून आजी-आजोबा आले म्हणजे. आयुष्यात एकदा दिल्ली पाहावयाची म्हणून ती दोघे आठ दिवसांसाठी आलेली असतात. आजोबांना लाल किल्ला पाहावयाचा असतो. सदाशिवरावभाऊंनी १७६० साली ज्या दिवाण-इ-खासचे रुप्याचे छत उतरविले, महादजी शिंद्यांनी ज्याच्या गादीवर बादशाह आणून बसविला, तो किल्ला. त्यांच्या मनात पानिपत असते आणि नातवाच्या मनात कबुतरे. दोघांनाही एकाच फेरीत बसविले, तर दुपारच्या उन्हात कोणाचेच समाधान होत नाही. आजोबांनी तोंडाने काही म्हटले नाही, तरी त्यांचे राहून गेलेले राहूनच जाते. तेव्हा माणसे वाटून घ्यावीत. शनिवारी बाबांनी आजोबांना सकाळच्या गार वेळी किल्ल्यावर न्यावे, सावकाश दाखवावे, त्यांना पाहिजे तितका वेळ त्या संगमरवरी ओट्यासमोर उभे राहू द्यावे. आईने व आजीने मुलाला घेऊन लोदी उद्यान गाठावे. रविवारी सर्वांनी मिळून रेल्वे संग्रहालयात जावे. तेथे आजोबांनाही बोरघाट आठवतो आणि नातू चाकांपाशी बसलेला असतो. शनिवारी किल्ला पाहून आलेल्या आजोबांना मग खेकड्याची गोष्ट सांगावयास घाई नसते.